७८ ची पद्मिनी पुरात बुडालेली, खालचा पत्रा पार सडलाय, घरी वेल्डिंग करून जमंल का?

शाहूपुरीकर७८:
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहायलोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

बाबांची प्रीमियर पद्मिनी आहे, १९७८ ची, क्रीम कलर. २०१९ च्या कोल्हापूरच्या पुरात गाडी खाली शेडमध्ये आणि आम्ही वरच्या मजल्यावर. सीटच्या वर पाणी, ते पण चार दिवस. पाणी उतरल्यावर इंजिन उघडलं, ऑइल, ब्रेक, वायरिंग सगळं केलं, गाडी चालू झाली आणि आम्हाला वाटलं सुटलो बाबा. खाली कोण बघतंय.

पुढच्या वर्षी पत्राकामाला एका ठिकाणी दिली (नाव घेत नाही). पंधरा दिवसात अशी चकाचक करून दिली की बाबांनी गल्लीत पेढे वाटले. आता परवा ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट उचलली तर खाली शेडची फरशी दिसली. खोटं सांगत नाही, हात घातला आणि फरशीला लागला.

मग स्क्रू ड्रायव्हर घेऊन टोचत सुटलो. उजव्या दाराखालची लांब पेटी, सिल म्हणतात ती, मागच्या चाकाजवळ पापडासारखी आत गेली. डावी जरा बरी आहे. आणि खरी भीती पुढं आहे. उजव्या बाजूला मधोमध जॅक लावून गाडी उचलली, दार उघडलं, तर ते परत लागेना. जॅक उतरवला की लागतंय. हे नॉर्मल आहे का गाडी मधनं मोडायला लागल्या?

माझं स्वतःचं एक छोटं वर्कशॉप होतं शिरोलीला, लेथचं काम, म्हणजे हाताला लोखंडाची सवय आहे पण गाडीचा पत्रा कधी जोडला नाही. घरी आर्क वेल्डिंगचं मशीन आहे, ग्राइंडर आहे. बाहेर द्यायला आता मन होत नाही, एकदा दिली ते बास. आर्कनं होतंय का सीओटू (गॅस आणि बारीक वायरवालं वेल्डिंग) घ्यावं लागंल, पत्रा किती गेजचा, आणि आधी काय कापायचं, कोणी केलं असंल तर सांगा. जूनच्या आत संपवायचं आहे, नंतर शेडमध्ये पाऊस उडतो.

नादखुळा_०९:
विकून टाक भावा आणि त्या पैशात बाबांना घेऊन महिनाभर रोज तांबडा-पांढरा खा.
(मस्करी करालोय. फोटो टाक की खालचे.)

उद्यमनगरचा_जुना_मिस्त्री:
त्या जॅकचं पहिलं सांगतो पोरा, कारण बाकी सगळं त्यातच आलं. सिलखाली मधोमध जॅक परत लावू नकोस. अजिबात.

जीपला खाली शिडी असते आणि वर पत्र्याचा डबा ठेवलेला असतो. डबा सडला तरी शिडी उभी राहते. पद्मिनीला शिडीच नाही, डबा हीच चेसिस. दाराखालच्या दोन पेट्या, फ्लोअर, मधला बोगदा, दाराचे खांब आणि वरचं छत, हे सगळं एकमेकाला धरून ठेवतं म्हणून गाडी ताठ. त्यातली पेटी सडली की गाडी दाराच्या जागेत वाकते. तू मधनं उचललीस, पुढचं इंजिनाचं वजन आणि मागची डिकी खाली लोंबली, दाराची चौकट वाकडी झाली, दार लागलं नाही. दारानं तुला खरं काय ते सांगितलं, आता त्याचं ऐक.

म्हणून उद्याच ग्राइंडर घेऊन कापायला बसू नकोस. तसं केलं तर सिल कापल्या कापल्या गाडी बसंल, आणि त्या बसलेल्या अवस्थेत तू नवीन पत्रा डोळे झाकून वेल्ड करशील. मग ती गाडी जन्मभर वाकडी. नवीन पत्र्यानं वाकडेपणा पक्का केला असं होतं. मी अशी एक ॲम्बॅसेडर बघितल्या, चारी दारं खालून घासायची आणि मालक बिजागऱ्या बदलत बसलेला.

आधी गाडी सपाट फरशीवर घे. पुढं क्रॉस मेंबरखाली (इंजिनाखालचं आडवं लोखंड), मागं एक्सलखाली चार मजबूत स्टँड दे, म्हणजे चाकावर उभी असताना वजन जिथं बसतं तिथंच बसंल. विटा, सिमेंटचे ठोकळे नकोत, ते न सांगता फुटतात. लेव्हल बघायला गवंड्याची पाण्याची नळी आण, यासारखं स्वस्त आणि खरं हत्यार नाही. मग दोन्ही बाजूची दारं लावून बघ, नीट लागली पाहिजेत, चारी बाजूची फट सारखी पाहिजे. नसली तर स्टँडमध्ये पातळ पट्ट्या घालून थोडं थोडं वर खाली कर, जोवर फट जुळत नाही तोवर. याला दोन दिवस गेले तरी जाऊ देत.

फट जुळली की चौकटीची मापं घे. पुढच्या खांबाच्या वरच्या बिजागरीपासनं मागच्या खांबाच्या बुडापर्यंत तिरपं, आणि उलटं तिरपं. दोन्ही बाजूंची. मास्किंग टेप काचेला चिकटवून त्यावरच मिलीमीटरमध्ये लिहून ठेव, वहीत लिहिलेलं हरवतं. त्यानंतर एक इंची चौकोनी पाइप खांबाच्या आतल्या बाजूनं आडवा आणि तिरपा वेल्ड कर, असा की दार तरीही बंद करता येईल. ही झाली बेडी. बेडी घातल्यावरच कापायचं, आणि एका वेळी एकच बाजू. दोन्ही सिल एकदम उघडी केलेली गाडी म्हणजे कण्याशिवाय माणूस.

आर्कचं मशीन तसंच राहू दे, बेडीचे पाइप जोडायला ते चालतंय. पण एक मिलीच्या पत्र्याला आर्क लावलास तर जोड कमी आणि भोकं जास्त. सीओटू घे, ०.८ ची वायर. घरच्या पंधरा अँपियरच्या पॉइंटवर चालणारी इन्व्हर्टर मशीनं मिळतात, सिलेंडर डिपॉझिटवर. गॅस वेल्डिंगवाले जुने डेंटर पण सुंदर काम करायचे, पण त्याची उष्णता लांबवर पसरते आणि नवशिक्याच्या हातात पत्रा पापडासारखा फुगतो.

बाकी उद्या लिहितो, पाठ दुखायला लागल्या.

सांगलीची_जीपवाली:
मिस्त्री काकांचं बरोबरच आहे, मी फक्त आगीचं सांगते कारण ते कोणीच आधी सांगत नाही, जळाल्यावर सांगतात. आमच्या जीपला एकदा फ्लोअर लावताना खालचं डांबरासारखं अंडरकोटिंग पेटलं, वरनं वेल्ड चाललेलं आणि खाली ज्वाळा, वेल्डिंगच्या काचेतनं काही दिसत नाही. नवऱ्याला मी ओरडून सांगितलं तेव्हा कळलं.

तर बॅटरी काढून बाहेर ठेवा. पेट्रोलची टाकी काढा, रिकामी करून तिथंच ठेवायची नाही, रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा वाईट. पेट्रोलचे पाइप आणि ब्रेकचे पाइप जिथं फ्लोअरला चिकटून जातात तिथनं सोडवून घ्या. सीट, मॅट, त्याखालचं तागाचं जाड अस्तर सगळं बाहेर. ते अस्तरच तुमचा चोर आहे बघा, पुराचं पाणी त्यात महिनोन्महिने राहतं आणि वरनं मॅट सुकी दिसते. वेल्डच्या जागेपासनं एक वीत तरी जुना कलर आणि अंडरकोटिंग खरवडून टाका. आणि एक माणूस पाण्याची बादली घेऊन नुसतं बघायला बसवा, वेल्डिंग संपल्यावर पण अर्धा तास.

जीआयचा पत्रा वापरू नका, गंजत नाही म्हणून लोकांना मोह होतो. जस्त जळून पांढरा धूर येतो, तो घेतला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. आम्ही तोही प्रयोग केलाय.

शाहूपुरीकर७८:
काका, ताई, मनापासनं धन्यवाद. मधोमध जॅक बंद.

काल सीट काढल्या आणि सिलची सडलेली जागा थोडी उघडली. तीन गोष्टी निघाल्या. एक, गाळ. पंचगंगेचा, वाळून विटेसारखा झालेला, पेटीच्या आत अर्ध्यापर्यंत, आणि त्यात उसाचं एक पान जसंच्या तसं. २०१९ पासनं आम्ही ते घेऊन फिरालोय. दोन, पुट्टी, अंगठ्याएवढी जाड, खाली जाळी लावून थापलेली. आणि तीन, जिथं मला चांगला पत्रा वाटला होता तिथं वरनं रिबेट मारून एक ठिगळ आहे. ते उचकटलं तर आतल्या बाजूला शेंगदाण्याच्या तेलाची जाहिरात. १५ किलोच्या डब्याचा पत्रा आहे हो तो! अक्षरं वाचता येतात.

बाबांना दाखवलं नाही. पेढ्यांची आठवण येईल.

नादखुळा_०९:
विषय हार्ड 😂 डबल फिल्टर होतं का सिंगल?

गुऱ्हाळवाला_बावडा:
वेल्डिंगचं मला कळत नाही पण गंज काढायला काकवीचा हौद कर. आपल्यात काय कमी आहे का ऊस. नऊ भाग पाणी, एक भाग मळी किंवा काकवी, पिंपात बिजागऱ्या, ब्रॅकेट, बंपरचे लोखंडी सपोर्ट बुडवून ठेव, दोन तीन आठवड्यांनी काढ, गंज गळून खालचं राखाडी लोखंड दिसतं. चांगल्या लोखंडाला काही करत नाही. मी ट्रॅक्टरचे पार्ट असेच करतोय.

उद्यमनगरचा_जुना_मिस्त्री:
मळी चालते, आम्ही पण केलंय. पण तीन गोष्टी. कारखान्याच्या मळीवर एक्साइजची नजर असते, ती अशी कॅन भरून कोण देत नाही, पशुखाद्यवाल्याकडं बघ. काकवी वापरणार असशील तर आईला विचारून. दुसरं, ॲल्युमिनियम किंवा जस्त चढवलेलं काही त्यात टाकू नको, खाऊन टाकंल. तिसरं, शाहूपुरीत दोन आठवडे आंबलेल्या मळीचं पिंप ठेवलंस तर शेजारी तालमीत तुझा विषय काढतील. वास, माश्या, मुंग्या, सगळं येतं.

आणि ते सुट्या पार्टसाठी. बॉडीची पेटी काय पिंपात बुडत नाही. काही जण संडास धुवायचं ॲसिड ओततात जोडात, ते तर नकोच. त्यातलं क्लोराइड दोन पत्र्यांच्या मध्ये शिरून बसतं, कितीही धू, दोन पावसाळ्यात तिथनंच गंज वर येतो. जिथं ग्राइंडरचा वायर ब्रश पोचतो तिथं ब्रश, जिथं पोचत नाही तिथं फॉस्फोरिक ॲसिडवालं रस्ट कन्व्हर्टर, काळं पडलं की पुसून वाळवायचं. पण हे वरवरच्या गंजासाठी बरं का. स्क्रू ड्रायव्हर आत गेला तिथं औषध नाही, तिथं कात्रीच.

आता कालचं राहिलेलं. पेटीतला गाळ आधी प्रेशरच्या पाण्यानं धू आणि ब्लोअर लावून चार दिवस वाळव. कापताना गंजापर्यंत थांबू नको, पुढं चांगल्या पत्र्यापर्यंत जा. सडक्या कडेला नवीन जोडणं म्हणजे कुजक्या दोऱ्यानं शिवणं. कापलेला चांगला तुकडा फेकू नको, व्हर्नियरनं त्याची जाडी मोज आणि तेवढ्याच जाडीचा सीआरसी (थंड लाटलेला, जस्त न चढवलेला) पत्रा आण. साधारण फ्लोअरला वीस गेज आणि पेटीला अठरा गेज लागंल. जाड घातला की मजबूत असं नसतं, दोन वेगळ्या जाडीच्या जोडाशी तडा जातो आणि वेल्ड पण नीट बसत नाही.

पहिल्यांदा पुठ्ठ्याचा साचा कर, गाडीवर ठेवून बघ, मग पत्रा काप. लांब पेटीचे बेंड घरी हातोडीनं मारत बसू नको, उद्यमनगरात किंवा शिरोलीत कुठल्याही प्रेस ब्रेकवाल्याकडं (पत्रा वाकवायचं मशीन) साचा ने, अर्ध्या तासाचं काम आहे, तू लेथवाला आहेस तुला ओळखी असतील. कंपनीनं जिथं स्पॉट (ठिपक्याठिपक्याचं वेल्ड) मारले होते तिथं नवीन पत्र्याला सात आठ मिलीची भोकं पाडून त्यातनं वेल्ड भर, ते स्पॉटसारखंच धरतं. जिथं पत्रा पत्र्याला टेकून झाकला जाणार तिथं आधी झिंकचा वेल्ड करता येणारा प्रायमर मार, नंतर तिथं ब्रश जाणार नाही.

सलग रेघ ओढू नको. एक टाका इथं, एक वीतभर लांब, परत मध्ये. हात लावून सोसवंल इतकं गार झालं की पुढचा. पाणी मारून गार करायचं नाही. दर आठ दहा टाक्यांनी दार लावून बघ आणि काचेवरची मापं ताडून बघ. दोन तीन मिली सरकलं असेल तर तिथंच थांब आणि मला लिही. एक मीटरची पेटी पहिल्यांदा करणाऱ्याला दोन रविवार लागतात, एका रविवारात झाली म्हणणाऱ्याची गाडी मला दाखवू नका.

टायरवाला_इचलकरंजी:
मुंबईत काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ ला बंद झाली, तिकडं कुर्ल्याला भंगारात अख्ख्या बॉड्या पडल्यात म्हणे. तिथनं कापलेली सिल आणली तर बेंड मारायची कटकट नको.

उद्यमनगरचा_जुना_मिस्त्री:
हँडल, बिजागऱ्या, काचा, बीडिंग आणा तिथनं, खुशाल. पण सिल? वीस वर्षं समुद्राच्या खाऱ्या हवेत उभी राहिलेल्या टॅक्सीची? आपला गंज काढून त्यांचा लावायचा.

कागदपत्रं_बघणारा:
कापाकापीत एक लक्षात ठेवा, चेसिस नंबर पंच केलेला पत्रा आणि प्लेट याला ग्राइंडर लागू देऊ नका, सडला असला तरी. काम सुरू करायच्या आधी त्याचा ठसा पेन्सिल आणि कागदानं घ्या, फोटो काढा. नंबर गेला तर आरटीओत तुमची गाडी कुणाची हे सिद्ध करत बसाल.

दुसरं, कुणी तरी तुम्हाला व्हिंटेज रजिस्ट्रेशन करा म्हणंलच. २०२१ च्या नियमात ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हीए सिरीज आहे, पहिल्या नोंदणीला २०,००० रुपये आणि १० वर्षांची मुदत. तुमची ७८ ची म्हणजे २०२८ च्या आधी विषयच नाही. आणि त्यात दोन मेख आहेत. ती गाडी रोजच्या वापराला चालत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती एवढंच. आणि चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिनमध्ये मोठा फेरबदल नको. म्हणून सडलेलं होतं तसंच्या तसं परत करा, मध्ये डोकं लावून जादा चॅनेल, रुंद सिल असलं काही घालू नका. बाबांना रंकाळ्यापर्यंत चक्कर मारायची असंल तर साधं रिन्यूअलच बरं, पाच पाच वर्षांचं.

नादखुळा_०९:
म्हणजे दसऱ्याला छत्रपतींच्या जुन्या मेबॅक गाडीच्या मागं लावायला पद्मिनीला अजून वेळ आहे.

शाहूपुरीकर७८:
दोन महिने गायब होतो, माफी असावी. उजवी बाजू झाली.

सगळं सांगत बसत नाही, पण फट जुळवायलाच तीन दिवस गेले. मागच्या स्टँडखाली एका बाजूला पाच मिलीची पट्टी घालावी लागली तेव्हा दार नीट बसलं. त्या तीन दिवसात एक ठिणगी पण उडाली नाही आणि घरचे म्हणायचे, हा नुसता दार उघडतो आणि लावतो, याला काय झालंय. बाबा खुर्ची टाकून बसायचे, ताईंनी सांगितलेली बादली त्यांच्याकडं. तेलाच्या डब्याचं शेवटी त्यांना कळलंच, वाचून दाखवलं मी. पहिलं हसले, मग म्हणाले पेढ्यांचे पैसे परत माग.

पहिली दहा बारा वेल्ड बघण्यासारखी नाहीत, चिमणीच्या शिटेसारखी दिसतात. ती सगळी काढून परत मारली. खरं तर आधी भंगारातल्या पत्र्यावर दोन संध्याकाळ हात बसवायला पाहिजे होता, घाई केली. वायरचा स्पीड कमी केल्यावर आणि कलर अगदी पांढऱ्या लोखंडापर्यंत काढल्यावर आवाज बदलतो, तडतड थांबून एकसारखा तळल्यासारखा येतो, तो आला की टाका बरोबर बसतोय असं समजायचं. हे काका तुम्ही सांगितलं नव्हतं.

सातव्या की आठव्या टाक्यानंतर माप चार मिली सरकलं. तुम्हाला लिहिलं नाही, लाज वाटली. त्यातले तीन टाके कापले, रात्रभर तसंच ठेवलं, सकाळी वरच्या कडेनं परत सुरू केलं, दोन मिलीवर आलं. तिथं सोडलं.

फ्लोअर पण नवीन, इपॉक्सी प्रायमर, सगळ्या जोडांना सीम सीलर, खाली अंडरकोटिंग. परवा वळीव पडला, शेडमध्ये पाणी उडालं, फ्लोअर आतनं कोरडा. आणि दार आता दोन बोटांनी ढकललं की लागतं, ठक्क असा एकच आवाज. बाबा येता जाता लावून बघतात. डावी बाजू दिवाळीनंतर, बेडी तोवर काढत नाही.

सांगलीची_जीपवाली:
वा! बाबांना नमस्कार सांगा. बादलीचं मानधन द्या.

उद्यमनगरचा_जुना_मिस्त्री:
चार मिलीचं लिहायला पाहिजे होतंस, पण केलंस ते बरोबर केलंस. रेड ऑक्साइडवर न सोडता इपॉक्सी मारलास हे पण बरं, नुसता रेड ऑक्साइड पाणी पितो.

आता पेटीच्या आत मेण मारलंस का? बाहेरनं कितीही रंगव, गंज आतनं येतो. लांब नळीचा नोझल घालून कॅव्हिटी वॅक्स मारायचं, सगळं वेल्डिंग संपल्यावर. काही जण जळकं ऑइल ओततात, ते ओतू नको, परत कधी वेल्ड करायची वेळ आली तर पेटी चुलीसारखी पेटंल. आणि पेटीच्या बुडाला पाणी जायला भोकं असतात, ती उघडी आहेत ना? सीम सीलर लावताना लोक हौसेनं ती पण बुजवतात.

शाहूपुरीकर७८:
मेण मागवलंय, आलं की मारतो. भोकं चार ठेवली होती, आत्ता तुमचं वाचून खाली जाऊन काडी घालून बघितली. तीनमध्ये गेली. मागचं एक बुजलंय, सीलर माझाच.

ड्रिल मारलं काका. कपभर पाणी निघालं.